लाजाळूच्या मुळावर गाठ, गाठीत नवा जिवाणू: पण 'नवा' हे ठरवतं कोण?

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी पेपरचं कात्रण टाकलं. कुठल्याशा झुडपाच्या मुळावरच्या गाठीत शास्त्रज्ञांना जिवाणूची नवीन प्रजाती सापडली, एवढीच चार ओळींची बातमी. खाली काकांचा प्रश्न: "तू मायक्रोबायोलॉजी केलंयस ना, मग सांग, ह्याचं पाकीट कधी येणार?" काका औसा तालुक्यात सोयाबीन करतात, त्यांच्या लेखी जिवाणू म्हणजे पेरणीआधी बियाण्याला लावायचं, कृषी केंद्रात मिळणारं पाव किलोचं पाकीट. मी उत्तर टाईप करायला बसलो आणि ते इतकं लांबलं की चुलतबहिणीने लिहिलं, "दादा हे दुसरीकडे लिही, इथे आत्याच्या वाढदिवसाचे मेसेज वर जातायत."

म्हणून इथे.

आधी गाठ म्हणजे काय ते बघू

सोयाबीन, हरभरा, तूर, भुईमूग, मेथी, ताग, ही सगळी शेंगावर्गीय मंडळी. पेरल्यावर चाळीसेक दिवसांनी सोयाबीनचं एखादं झाड हिसका न देता खुरप्याने मातीसकट उचला आणि बादलीतल्या पाण्यात मुळं हलकेच धुवा, मुळावर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी दिसतील. बरेच लोक बघून घाबरतात, रोग आहे म्हणतात. सूत्रकृमीच्या पण गाठी असतात हे खरं, पण त्या म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ओढून निघत नाही. ही गाठ मुळाच्या कडेला चिकटल्यासारखी असते आणि बोटाने टचकन निघते. नखाने दोन भाग करून बघा. आत गुलाबी-लाल असेल तर गाठ कामावर आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच नातेवाईक.

काम काय करते? हवेत ७८ टक्के नत्र आहे पण झाडाला ते थेट घेता येत नाही, म्हणजे घरात गहू पोत्याने पडलाय आणि दळायला गिरणी नाही अशातली गत. गाठीतल्या जिवाणूकडे ती गिरणी असते, नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम. ते हवेतलं नत्र अमोनियात बदलतं, झाड ते घेतं आणि बदल्यात जिवाणूला साखर-पाणी देतं. गोची एवढीच की ऑक्सिजन लागला की ही गिरणी बंद पडते, म्हणून झाड लेगहिमोग्लोबिन वापरून ऑक्सिजन मोजून-मापून आत सोडतं. एवढी बडदास्त आपण जावयाची पण ठेवत नाही.

हे जिवाणू गाठीतून वेगळे काढून पहिल्यांदा वाढवले ते १८८८ मध्ये, मार्टिनुस बायेरिंक ह्या डच माणसाने. पुढच्या वर्षी त्यांना रायझोबियम हे नाव मिळालं, आणि बरीच वर्षं गाठीत राहणारा तो रायझोबियम असं सरळ चाललं. आता तसं राहिलेलं नाही. सोयाबीनवाला ब्रॅडीरायझोबियम झाला, हरभऱ्याचा मेसोरायझोबियम, मेथीचा एन्सिफर (तोही सिनोरायझोबियम म्हणायचा का ह्यावर अजून भांडण आहे). कुलकर्णी, सुतार, जोशी ही आधी कामं होती, नंतर आडनावं झाली. रायझोबियमचं उलटं झालंय, आडनाव होतं आणि आता लोक ते गाठी करणाऱ्या सगळ्यांसाठी धंद्याचं नाव म्हणून वापरतात.

'नवीन' म्हणजे आत्ता तयार झाला का?

नाही. तो मातीत कधीपासून आहे कोणाला ठाऊक. नवीन आहे ती नोंद. वाड्यात माणूस तीस वर्षं राहतोय आणि रेशनकार्डावर नाव आज चढलं, तसं. आणि नाव चढवायला जसं 'हा माणूस आधीच दुसऱ्या कार्डावर नाहीये ना' हे बघावं लागतं, तसंच इथेही सगळी मेहनत सापडण्यात नाही, आधी नोंदलेल्या कोणाशीच हा जुळत नाही हे दाखवण्यात आहे. बातमीत 'सापडला' हा शब्द येतो आणि लोकांना वाटतं कोणीतरी मायक्रोस्कोपमधून बघितलं आणि ओरडलं. मायक्रोस्कोपखाली हे सगळे सारखेच दिसतात हो, बारीक काड्या. वाघ आणि बिबट्या लांबून ओळखू येतो, इथे चेहराच नाही.

गाठीतून माणूस बाहेर काढायचा कसा

पद्धत जुनी आणि स्वयंपाकासारखी आहे. गाठ धुवायची, मग काही सेकंद अल्कोहोलमध्ये, मग ब्लीचिंगसारख्या जंतुनाशकात काही मिनिटं, मग निर्जंतुक पाण्यात पाच-सहा वेळा खळबळून धुवायची. का, तर गाठीच्या सालीवर मातीतले हजार भुरटे बसलेले असतात, ते मेले पाहिजेत आणि आतले जगले पाहिजेत. मग गाठ ठेचायची आणि तो गुलाबी रस मॅनिटॉल-यीस्टच्या अगारवर (जिवाणू वाढवायची जेली) रेघा ओढून पसरवायचा. त्यात काँगो रेड नावाचा लाल रंग घालतात. रायझोबियमवाले सहसा हा रंग पीत नाहीत, त्यांच्या कॉलन्या पांढऱ्या, चिकट, साबुदाण्याच्या खिचडीत एखादा दाणा जास्त शिजतो ना तशा दिसतात. बाकीचे लाल होतात. २८-३० डिग्रीला ठेवायचं आणि थांबायचं, चपळ असतील तर तीन दिवस, ब्रॅडीरायझोबियम असेल तर आठवडा. ब्रॅडी म्हणजेच मंद, नावातच आळस आहे.

एमएस्सीला मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मेथीची गाठ घेतली होती आणि घाईत जंतुनाशकात जेमतेम अर्धा मिनिट ठेवली. दुसऱ्याच दिवशी प्लेट भरून गेली, कडेपासून कडेपर्यंत सुरकुतलेली, दुधावरच्या सायीसारखी वाढ, आणि मी अख्ख्या लॅबला दाखवत फिरलो की माझा एका दिवसात आला. सीनियरने प्लेट उघडली पण नाही, झाकणातूनच बघून म्हणाली, "हा बॅसिलस आहे, तुझ्या हातावरचा नाहीतर मातीतला, फेकून दे." नवीन प्रजातीचं स्वप्न तिथेच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या लॅबच्या कुकरात गेलं.

बरं, नीट धुतली तरी एका गाठीत एकच बिऱ्हाड असतं असं समजू नका. गाठ करणारा मालक असतोच, पण त्याच्याबरोबर पोटभाडेकरू पण असतात, बॅसिलसचे भाऊबंद, पेनिबॅसिलस, मायक्रोमोनोस्पोरा वगैरे. ते गाठ करत नाहीत, झालेल्या गाठीत येऊन राहतात. हरभऱ्याच्या गाठीतूनच २०१३ मध्ये पेनिबॅसिलस एन्डोफायटिकस अशी एक नवीन प्रजाती नोंदली गेली. म्हणून बातमीत 'गाठीत नवा जिवाणू' असं लिहिलेलं असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की मालक का भाडेकरू? चार ओळींच्या बातमीत ह्याचं उत्तर बहुतेक वेळा नसतंच.

आडनाव बघा: पहिली चाळणी

वेगळा काढला, शुद्ध केला, आता ओळख परेड. प्रत्येक जिवाणूत प्रोटीन बनवणारे छोटे कारखाने असतात, रायबोसोम, आणि त्याच्या एका भागाची कृती लिहिलेला साधारण १५०० अक्षरांचा जीन सगळ्यांकडे असतो. त्याला १६एस म्हणतात. कारखाना इतका महत्त्वाचा की त्यात बदल फार हळू होतात, त्यामुळे कोण कोणाचा किती लांबचा हे मोजायला बरा पडतो.

ह्याला मी आडनाव म्हणतो. दोन जिवाणूंचा १६एस ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी जुळला, म्हणजे १५०० पैकी वीसेक अक्षरांपेक्षा जास्त फरक निघाला, तर प्रजाती वेगळी असं धरतात. पण जास्त जुळला तर? तर काहीच सिद्ध होत नाही. आडनाव वेगळं असेल तर सख्खे भाऊ नाहीत हे पक्कं, पण दोघं पाटील आहेत म्हणून भाऊ आहेत असं कोण म्हणेल, महाराष्ट्रात तर नाहीच. ब्रॅडीरायझोबियममध्ये हा घोळ सगळ्यात जास्त, कितीतरी वेगवेगळ्या प्रजातींचा १६एस जवळपास तंतोतंत सारखा. तिथे मग रेकए, एटीपीडी असे दुसरे पाच-सहा जीन एकत्र घेऊन तुलना करावी लागते.

मग अख्खी पोथी वाचा

आता जीनोम वाचणं स्वस्त झालंय म्हणून दोघांची पूर्ण पोथीच ओळीला ओळ लावून वाचतात आणि जुळणाऱ्या भागांत सरासरी किती टक्के अक्षरं सारखी आहेत ते काढतात. ९५-९६ टक्क्यांच्या खाली गेला तर वेगळी प्रजाती. त्याआधी हेच काम गरम पाण्याच्या भांड्यात व्हायचं म्हणा ना, दोघांचा डीएनए तापवून धागे सुटे करायचे, एकत्र थंड करायचे आणि एकाचे धागे दुसऱ्याशी किती जोड्या लावतात ते मोजायचं. ७० टक्के ही रेघ १९८७ मध्ये ठरवली आणि आजचा ९५-९६ चा आकडा त्या जुन्या रेघेशी जुळवून काढलेला आहे.

इथे कोणीही विचारेल की ९५ च का, ९३ का नाही? बरोबर प्रश्न आहे. माणूस आणि चिंपांझी ह्यांच्या जुळणाऱ्या डीएनएत साधारण ९८.८ टक्के साम्य आहे, म्हणजे जिवाणूंची फूटपट्टी लावली तर आपण आणि ते एकाच प्रजातीत. जिवाणू लग्न करत नाहीत, पिल्लं देत नाहीत, त्यामुळे 'एकमेकांत प्रजनन होतं ते एक' ही शाळेतली व्याख्या तिथे चालत नाही, मग कुठेतरी रेघ मारावीच लागते. जमिनीला बांध असतो का निसर्गात? नसतो, मोजणीवाला येऊन घालतो. पण तो घातलाय म्हणून खोटा नसतो, कारण बहुतेक जिवाणूंचे जीनोम खरंच झुंडीझुंडीने ९५ च्या वर नाहीतर बरेच खाली पडतात, मधे गर्दी कमी. बांध साधारण जिथे ओढा आहे तिथेच घातलाय म्हणायचं.

एक खरी केस: तैवानची लाजाळू

लाजाळू सगळ्यांना माहितीये, हात लावला की पानं मिटते ती. तीही शेंगावर्गीय, तिच्याही मुळाला गाठी. २००१ पर्यंत गाठी करणारे जे जिवाणू माहीत होते ते सगळे अल्फा-प्रोटिओबॅक्टेरिया ह्या एका मोठ्या कुळातले. त्या वर्षी तैवानमधल्या लाजाळूच्या गाठींतून काढलेल्या जिवाणूंचं वर्णन छापून आलं आणि ते निघाले बीटा कुळातले. हे भाऊ-चुलतभाऊ एवढं जवळचं अंतर नाही, हे म्हणजे पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर चालणारा माणूस चौकशी केल्यावर नॉर्वेचा निघाला अशातलं. त्याच वर्षी 'नेचर'मध्ये दुसऱ्या एका गटाने बर्कहोल्डेरिया ह्या बीटा कुळातल्याच जिवाणूबद्दल हेच दाखवलं, म्हणजे तैवानवाला एकटा अपवाद नव्हता.

नाव दिलं राल्स्टोनिया तैवानेन्सिस. आणि त्या शास्त्रीय पेपरचं शीर्षकच मजेशीर आहे, नवी प्रजाती सांगताना त्यांनी लिहिलंय की हा लाजाळूच्या गाठीतून आणि सिस्टिक फायब्रोसिस ह्या फुप्फुसं बिघडवणाऱ्या आजाराच्या पेशंटच्या थुंकीतून मिळाला. एकाच प्रजातीचे दोन पत्ते, एक मुळात आणि एक माणसाच्या फुप्फुसात. १६एस, डीएनएच्या जोड्या, प्रोटीनचे पट्टे सगळं ताडून ते एकच ठरले. हे आडनावावरून किंवा पत्त्यावरून कधीच कळलं नसतं.

पण गाठ त्यानेच केली कशावरून?

हा सगळ्यात भारी आक्षेप आणि तो त्या वेळी खरंच घेतला गेला. गाठीत सापडला म्हणजे गाठ त्याची असं नाही, चोरी झालेल्या घरात सापडलेला माणूस शेजारी पण असू शकतो. मग २००३ मध्ये त्याच जिवाणूत जेलीफिशचा हिरवा चमकणारा प्रोटीन बसवला, निर्जंतुक वाढवलेल्या लाजाळूच्या रोपांना फक्त तोच दिला आणि ५६ दिवसांपर्यंत ठरावीक अंतराने रोपं उपटून मुळं मायक्रोस्कोपखाली बघितली. गाठी भरपूर आल्या आणि आत सगळीकडे हिरवा उजेड. आरोपी रंगेहाथ.

गाठ झाली, पण त्यात नत्र बनतंय का? ह्याची टेस्ट मला फार आवडते. नायट्रोजिनेज थोडं आंधळं आहे, त्याला नत्राऐवजी असिटिलीन वायू दिला तर तो पण घेतं आणि त्याचं इथिलीन करून टाकतं. कार्बाइडच्या पुड्या ठेवून आंबे पिकवायचे चोरटे प्रकार ऐकले असतील (बंदी आहे त्याला), त्या कार्बाइडमधून निघतो तो असिटिलीन, आणि फळ स्वतः पिकताना सोडतं ते इथिलीन. गाठी बाटलीत घालायच्या, असिटिलीन सोडायचा आणि थोड्या वेळाने इथिलीन किती झालं ते मशीनवर मोजायचं. झालं असेल तर गिरणी चालू आहे. लाजाळूच्या गाठींत चालू होती.

थुंकीत सापडला म्हणजे धोकादायक का?

घाबरायचं कारण नाही पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा पण नाही. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये फुप्फुसात घट्ट चिकट कफ साठतो आणि तिथे मातीतले कितीतरी जिवाणू येऊन ठाण मांडतात जे धडधाकट माणसाचं काही बिघडवत नाहीत. म्हणून लाजाळू उपटल्याने कोणाला काही होत नाही. पण बर्कहोल्डेरियाचं उदाहरण घ्या, त्यातला सेपेशिया नावाचा गट ह्याच पेशंटांना खरंच गंभीर आजारी करतो आणि गाठी करणारे त्याचे नातेवाईक मात्र वेगळे. पुढे २०१४ मध्ये ह्या मातीतल्या-झाडातल्या मंडळींना पॅराबर्कहोल्डेरिया असं वेगळं घर करून दिलं. नाव नीट ठरवण्याचा हा एक रोकडा फायदा, कुठल्या जिवाणूचं खत बनवून शेतकऱ्याच्या हातात द्यायचं आणि कुठल्याला हात लावायचा नाही हे आधी कळतं.

नामकरणाचा कारभार

नाव नुसतं सुचून चालत नाही. नियम आहेत, आणि जिवाणूंच्या नावांची वही १ जानेवारी १९८० ला नव्याने सुरू केली, त्याआधीची जी नावं मान्य यादीत आली नाहीत ती बाद. नवीन प्रजातीचा एक नमुना, म्हणजे टाईप स्ट्रेन, जिवंत स्वरूपात कमीत कमी दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो, म्हणजे उद्या कोणी म्हणालं की माझा आणि तुझा एकच आहे तर मागवून ताडता येतो. तैवानेन्सिसचा नमुना बेल्जियममधल्या गेंट शहरात एलएमजी १९४२४ ह्या नंबरने ठेवलेला आहे. आपल्याकडे पुण्यात असे दोन मोठे संग्रह आहेत, एनसीएल ह्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम आणि एनसीसीएस ह्या पेशीविज्ञान केंद्राशी जोडलेला राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह, शिवाय चंदीगडचा एमटीसीसी. पाषाण रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल की तिथे आत हजारो जिवाणू गोठवून नंबर लावून ठेवलेत.

आणखी एक संकेत मला आवडतो, शोधणाऱ्याने स्वतःचं नाव जिवाणूला द्यायचं नाही. दुसऱ्याचं द्या, गावाचं द्या, पिकाचं द्या. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये तुरीच्या गाठीत सापडलेल्या ब्रॅडीरायझोबियमचं नाव २०१७ मध्ये कजानी ठेवलं, तुरीच्या शास्त्रीय नावावरून.

आणि नाव दिलं म्हणजे कायमचं असं नाही. आपला राल्स्टोनिया तैवानेन्सिस २००४ मध्ये आधी वॉटर्सिया झाला आणि त्याच वर्षी क्युप्रिएव्हिडस झाला, कारण त्या घराण्यातल्या एकाला १९८७ मध्येच क्युप्रिएव्हिडस नाव मिळालेलं होतं आणि नियमाप्रमाणे जुनं नाव मोठं. एका वर्षात दोनदा आडनाव बदललं, बिचाऱ्याचं आधार-पॅन लिंक व्हायचं राहिलं असणार. जिवाणू तोच, गाठ तीच, नंबर तोच. म्हणून नंबर महत्त्वाचा.

जे जिवाणू प्लेटवर वाढतच नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. २०२२ मध्ये फक्त जीनोमवरून नाव देता येईल अशी सीक्वेन्स कोड म्हणून वेगळी पद्धत सुरू झाली. काही लोक खूश आहेत, काही म्हणतात माणूस न बघता नुसत्या कुंडलीवर लग्न लावताय. माझं मत अजून ठरलेलं नाही.

परमिट दुसऱ्याच्या नावावर

आता खरी गंमत, आणि काकांच्या पाकिटाशी संबंधित. प्रजाती आपण ठरवतो ती पूर्ण जीनोमच्या सरासरीवर. पण गाठ करायचे आणि नत्र बनवायचे जीन एका तुकड्यावर एकत्र बसलेले असतात आणि तो तुकडा एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. रिक्षाचं परमिट समजा. ड्रायव्हर वेगळा, त्याचं कुळ-गाव वेगळं, पण परमिट हातात आलं की तो पण त्याच स्टँडवर उभा राहून भाडं मारतो.

न्यूझीलंडमध्ये हे शेतात पकडलं. लोटस म्हणून एक चाऱ्याचं पीक आहे (कमळ नव्हे, शेंगावर्गीय गवतासारखं), ते अशा जमिनीत पेरलं जिथे त्याच्या गाठी करणारा जिवाणू मुळात नव्हता, आणि बियाण्याला एकच ओळखीचा स्ट्रेन लावला. सात वर्षांनी गाठी काढून बघितल्या तर आत भलतेच जिवाणू. स्थानिक मातीतल्या मेसोरायझोबियमनी बाहेरून आणलेल्या पाहुण्याकडून सुमारे ५ लाख अक्षरांचा तुकडा उचलला होता आणि धंदा सुरू केला होता. १९९५ मध्ये हे छापून आलं तेव्हा भल्याभल्यांना पुस्तकं बदलावी लागली.

आणि २०१० चा फ्रान्समधला प्रयोग तर अजून वरचढ. टोमॅटो-वांग्याला मर रोग आणणारा राल्स्टोनिया सोलानेसिएरम, त्याला तैवानेन्सिसचं परमिट, म्हणजे गाठीचे जीन असलेला डीएनएचा सुटा तुकडा (प्लाझ्मिड) दिला. लगेच गाठ झाली नाही. लाजाळूच्या रोपांवर सोडून वाट बघितली तेव्हा काही मोजके निघाले ज्यांनी गाठ केली, आणि त्यांचं काय बिघडलं होतं बघितलं तर रोग करताना झाडात घुसवायची त्यांची सुई, ती यंत्रणाच मोडली होती. दरोडेखोराने कोयता टाकल्यावर दार उघडलं. गाठ झाली, पण नत्र काही बनलं नाही, त्यामुळे पूर्ण सुधारला असंही म्हणता येत नाही.

म्हणजे नाव वाचून जिवाणूचं कूळ कळतं, तो कुठल्या पिकावर गाठ करेल हे कळेलच असं नाही. म्हणून आता प्रजातीच्या नावापुढे सिंबायोव्हार अशी शेपटी लावतात, म्हणजे परमिट कुठल्या झाडाचं ते कळतं; एकाच सिंबायोव्हारचे जिवाणू दोन वेगळ्या प्रजातींचे असू शकतात आणि एकाच प्रजातीत दोन सिंबायोव्हार पण.

"ते ठीक, माझ्या सोयाबीनला काय?"

काकांचा मूळ प्रश्न. नवीन प्रजाती नोंदली म्हणजे पाकीट येणार असं नाही, मधे मोठी वाट आहे. पाकिटात घालायचा जिवाणू आपल्या मातीत, आपल्या उन्हात तगला पाहिजे, आधीपासून मातीत असलेल्या स्थानिकांशी गाठीच्या जागेसाठी भांडून जिंकला पाहिजे, आणि जिंकल्यावर भरपूर नत्र दिलं पाहिजे. बऱ्याचदा जिंकणारे फुकटे असतात आणि कष्टाळू हरतात, सोसायटीच्या कमिटीसारखं. प्रजातीच्या पेपरात ह्यातलं बहुतेक काही तपासलेलं नसतं, ते त्या पेपरचं कामच नाही.

पण आत्ता जे पाकीट मिळतं त्याला हे ज्ञान लागू पडतं. सोयाबीनला सोयाबीनचंच पाकीट लावा, हरभऱ्याचं उरलंय म्हणून ते नको, आतला जिवाणू वेगळा आहे. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या गार पाण्यात कालवून, सावलीत सुकवून लगेच पेरायचं. सरकारी नियमाप्रमाणे पावडरच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, आणि ते पाकीट दुकानाच्या पत्र्याखाली मे महिना काढून आलेलं असेल तर आकडा छापलेला राहतो आणि पेशी मरतात. मागे एकदा काकांनी बुरशीनाशक आणि रायझोबियम एकाच टोपल्यात एकदम कालवलं होतं. बुरशीनाशक आधी, ते सुकू द्यायचं, जिवाणू सगळ्यात शेवटी.

युरिया बंद करायचा का, तर युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २०-२१ किलो नत्र असतं आणि चांगल्या गाठी लागलेलं सोयाबीन आपल्या गरजेचा बराच मोठा भाग हवेतून उचलतं. उलट सुरुवातीला युरिया जास्त टाकला तर झाड गाठी करायचा आळस करतं, आयतं मिळतंय तर गिरणी कशाला घाला. पण हे सोयाबीन-हरभऱ्याचं झालं. गव्हाला, ज्वारीला, उसाला अशा गाठी येत नाहीत, त्यामुळे 'नवा जिवाणू, आता युरियाला सुट्टी' अशी हेडलाईन दिसली तर पुढे स्क्रोल करा.

लाजाळू आणि तिची इथली भावकी

लाजाळू मूळची आपली नाही, ती अमेरिका खंडातून आली आणि कोकणात-घाटात रस्त्याकडेला अशी पसरली की आता कोणाला परकी वाटत नाही. २००४ मध्ये भारतातल्या लाजाळूच्या गाठीतही तोच तैवानेन्सिस मिळाला. पण भारतात लाजाळूच्या वंशातली देशी झुडपं पण आहेत, मिमोसा हमाटा राजस्थानकडे, मिमोसा हिमालयाना. जोधपूरच्या विद्यापीठातल्या लोकांनी त्यांच्या गाठी उघडून बघितल्या आणि २०१३ मध्ये लिहिलं की देशी झुडपांच्या गाठीत एन्सिफर आहे, अल्फा कुळातला, मेथीवाल्याच्या घराण्यातला. परदेशी लाजाळूच्या गाठीत मात्र बीटावालेच. वंश एकच, पण इथल्या नातेवाइकांचे जोडीदार तिने घेतले नाहीत.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे लग्न होऊन आली आणि डबा माहेरचाच खाते." मग दुसऱ्या दिवशी बांधावरच्या लाजाळूच्या मुळांचा फोटो पाठवला, चिखलासकट, गाठींना लाल गोल करून. फोटो ब्लर आहे, पण एक गाठ नखाने फोडलेली दिसते. आत गुलाबी आहे.